हलक्या अस्थिर अणुकेंद्रांतील अनुस्पंदने

हलक्या अस्थिर अणुकेंद्रांतील अनुस्पंदने म्हणजे मोजक्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांनी बनलेल्या अणुकेंद्रांच्या अशा अवस्था, ज्यांत घटक कण कायमचे बांधलेले नसतात, परंतु एकमेकांना केवळ स्पर्शून निघूनही जात नाहीत. ते काही काळ एकत्र राहतात आणि मग विखुरतात. हा काळ सेकंदाच्या इतक्या सूक्ष्म अंशाचा असतो की अशी अवस्था थेट पाहता येत नाही. तिची ऊर्जा, तिचे आयुर्मान आणि तिचा आकार ही सर्व माहिती सैद्धांतिक प्रतिमान व प्रायोगिक मोजमाप यांच्या मेळातूनच मिळते. या प्रकारचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे बेरिलियम-८ हे अणुकेंद्र. त्याच्या अभ्यासात मुंबईत केलेल्या प्रयोगांचा, तसेच नागपूर येथे जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ विजय पंढरीपांडे व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या गणनपद्धतींचा महत्त्वाचा वाटा आहे.

संज्ञा आणि संकल्पना

झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले तर तो मोठे झोके घेऊ लागतो. लय चुकली तर तेवढ्याच जोराच्या धक्क्यांचा फारसा उपयोग होत नाही. ठरावीक वारंवारतेला मिळणाऱ्या या वाढीव प्रतिसादाला अनुस्पंदन म्हणतात. मराठीत यासाठी अनुनाद आणि संस्पंदन हे शब्दही वापरले जातात.

अणुकेंद्रीय भौतिकीत झोपाळ्याच्या वारंवारतेची जागा ऊर्जा घेते. एका अणुकेंद्रावर दुसऱ्या कणांचा झोत सोडला आणि झोताची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, तर बहुतेक ऊर्जांना विक्रिया घडण्याची शक्यता सावकाश बदलते. काही ठरावीक ऊर्जांपाशी मात्र ती एकदम वाढते आणि पुढे पुन्हा उतरते. आलेखावर तेथे एक उंचवटा दिसतो. हा उंचवटा म्हणजे दोन कण क्षणभर एकत्र येऊन एक संयुक्त अणुकेंद्र बनल्याची खूण होय.

बद्ध अवस्था आणि अनुस्पंदन यांतील फरक विहिरीच्या उपमेने समजतो. खोल विहिरीच्या तळाशी पडलेला दगड बाहेरून ऊर्जा मिळाल्याशिवाय वर येत नाही. ही बद्ध अवस्था. आता अशी विहीर कल्पावी की जिचा तळ बाहेरच्या जमिनीहून किंचित उंच आहे, पण जिच्याभोवती कठडा आहे. आतला कण बाहेर पडला तर त्याला ऊर्जेचा लाभच होणार असतो; त्याला अडवतो तो केवळ कठडा. रूढ यामिकीनुसार असा कण कायमचा आत अडकेल. पुंजयामिकीनुसार मात्र तो कठड्यातून आरपार निसटू शकतो. या आविष्काराला बोगदा परिणाम म्हणतात, आणि आल्फा किरणोत्सर्गाचे स्पष्टीकरण त्याच्या आधारे जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये दिले. अणुकेंद्रातील कठडा दोन गोष्टींचा बनतो : धन विद्युत्‌भारांमधील प्रतिसारण आणि कणांच्या परिभ्रमणामुळे येणारा अपकेंद्री अडसर.

ऊर्जा, रुंदी आणि आयुर्मान

अनुस्पंदनाचे वर्णन प्रामुख्याने दोन राशींनी केले जाते : ते कोणत्या ऊर्जेला येते, आणि आलेखावरील त्याचा उंचवटा किती रुंद आहे. अणुकेंद्रीय ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात; या लेखात यापुढे त्याला 'एमईव्ही' म्हटले आहे.

रुंदी आणि आयुर्मान यांचे नाते व्यस्त असते. अवस्था जितकी अल्पायुषी, तितकी तिची ऊर्जा अनिश्चित आणि उंचवटा रुंद. एक एमईव्ही रुंदीच्या अवस्थेचे सरासरी आयुर्मान १० च्या उणे २२ व्या घाताच्या सुमारे साडेसहा पट सेकंद भरते. उंचवट्याच्या आकाराचे सूत्र ग्रेगरी ब्राइट आणि यूजीन विग्नर यांनी १९३६ मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे.

उंचवटा अरुंद असेल तर ऊर्जा व आयुर्मान निश्चित करणे सोपे असते. तो अतिशय रुंद असेल तर शेजारच्या अवस्थांत आणि पार्श्वभूमीत मिसळून जातो. मग ही खरोखर एक अवस्था आहे, की दोन कणांच्या टकरीतील तात्पुरता परिणाम आहे, हा प्रश्न उभा राहतो. हलक्या अणुकेंद्रांत कठडा ठेंगणा असल्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो.

बेरिलियम-८

निसर्गात ५ किंवा ८ न्यूक्लिऑन असलेले एकही स्थिर अणुकेंद्र नाही. निसर्गात आढळणाऱ्या स्थिर बेरिलियममध्ये ४ प्रोटॉन व ५ न्यूट्रॉन असतात. त्यातील एक न्यूट्रॉन कमी केला की उरणारे बेरिलियम-८ हे अणुकेंद्र लागलीच दोन आल्फा कणांत, म्हणजे हेलियमच्या दोन अणुकेंद्रांत, फुटते. जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ मध्ये लिथियमवर प्रोटॉनांचा मारा करून कृत्रिम रीत्या वेगवर्धित कणांनी अणुकेंद्र फोडले, तेव्हा मधल्या क्षणी बनून फुटलेले अणुकेंद्र हेच होते.

त्याच्या सर्वांत खालच्या तीन अवस्था पुढीलप्रमाणे आहेत.

• तळावस्था : कोनीय संवेग शून्य. ऊर्जा दोन सुट्या आल्फा कणांच्या ऊर्जेपेक्षा केवळ ०.०९२ एमईव्हीने अधिक. रुंदी सुमारे ५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अर्धायुकाल १० च्या उणे १७ व्या घाताच्या सुमारे ८ पट सेकंद.
• पहिली उत्तेजित अवस्था : कोनीय संवेग २. ऊर्जा तळावस्थेच्या वर सुमारे ३.०३ एमईव्ही. रुंदी सुमारे १.५ एमईव्ही.
• दुसरी उत्तेजित अवस्था : कोनीय संवेग ४. ऊर्जा तळावस्थेच्या वर सुमारे ११.३५ एमईव्ही. रुंदी सुमारे ३.५ एमईव्ही.

तळावस्थेचे आयुष्य मानवी मापाने नगण्य असले, तरी अणुकेंद्रीय मापाने ते दीर्घ आहे. दोन आल्फा कणांना एकमेकांना ओलांडून जाण्यास लागणाऱ्या काळापेक्षा ते लाखो पट अधिक भरते. वरच्या दोन अवस्थांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची रुंदीच एमईव्हीच्या घरात आहे. म्हणजे तेथे कण एकत्र येतात न येतात तोच दुरावतात.

डंबेलसारखा आकार

शून्य, दोन आणि चार हा कोनीय संवेगांचा क्रम, आणि त्यासोबत वाढत जाणारी ऊर्जा, ही फिरणाऱ्या लांबट वस्तूची लक्षणे आहेत. अशा वस्तूची परिभ्रमण ऊर्जा कोनीय संवेग आणि त्याहून एकने मोठी संख्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते : २ साठी ६ आणि ४ साठी २०. आदर्श ताठ वस्तूसाठी या दोन ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ येते. बेरिलियम-८ मध्ये ते ११.३५ भागिले ३.०३, म्हणजे सुमारे ३.७५ आहे. मेळ तंतोतंत नाही, पण चित्र ओळखू येण्याइतका आहे.

दोन आल्फा कण एका अदृश्य दांडीच्या टोकांना बसवले आहेत असे मानून एक ढोबळ गणित करता येते. ३.०३ एमईव्ही या आकड्यावरून दोन आल्फा कणांच्या केंद्रांमधील अंतर सुमारे ४.५ फेम्टोमीटर निघते आणि ११.३५ एमईव्हीवरून सुमारे ४.३ फेम्टोमीटर. दोन्ही उत्तरे एकमेकांजवळ आहेत. आल्फा कणाची त्रिज्या सुमारे १.७ फेम्टोमीटर असल्याने, दोन आल्फा कण एकमेकांत न विरघळता शेजारी शेजारी उभे आहेत असा याचा अर्थ होतो. व्यायामशाळेतील डंबेलची उपमा या आकाराला दिली जाते ती यामुळेच.

मात्र याच गणिताची दुसरी बाजूही पाहावी लागते. चार कोनीय संवेगाच्या अवस्थेत हे डंबेल एक पूर्ण फेरा घेण्यास १० च्या उणे २२ व्या घाताच्या सुमारे आठ पट सेकंद घेईल. त्या अवस्थेचे सरासरी आयुर्मान मात्र याच एककात दोनपेक्षाही कमी आहे. म्हणजे पाव फेरा होण्यापूर्वीच ते मोडते. जी वस्तू पाव फेराही पुरा करत नाही तिला फिरणारी वस्तू म्हणणे कितपत योग्य, ही शंका रास्त आहे. केवळ ऊर्जांच्या अंतरांवरून आकाराचा निष्कर्ष काढणे म्हणूनच अपुरे ठरते; आकाराचा स्वतंत्र पुरावा आवश्यक असतो.

सैद्धांतिक प्रतिमाने

आल्फा-गुच्छ प्रतिमान. या प्रतिमानात अणुकेंद्र हे आल्फा कणांच्या गुच्छांनी बनलेले मानतात. जॉन व्हीलर यांनी १९३७ मध्ये गुच्छांची मांडणी करणारी गणितपद्धती दिली, तर लॉरेन्स हाफस्टाड आणि एडवर्ड टेलर यांनी १९३८ मध्ये हलक्या अणुकेंद्रांसाठी आल्फा कणांचे चित्र रेखाटले. आल्फा कण स्वतः अतिशय घट्ट बांधलेला असल्यामुळे बेरिलियम-८ साठी हे प्रतिमान स्वाभाविक ठरते. आठ कणांचा प्रश्न येथे दोन कणांवर येतो. या सोयीची किंमत अशी की आल्फा कणांमधील बल प्रयोगांवरून बेतून घ्यावे लागते. एस. अली आणि ए. आर. बॉडमर यांनी १९६६ मध्ये दिलेले बल याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

प्रकीर्णनाचे विश्लेषण. दोन आल्फा कण एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा बाहेर पडणाऱ्या तरंगाची कला बदलते. ऊर्जेनुसार हा कलाबदल झपाट्याने वाढला की तेथे अनुस्पंदन आहे असे समजतात. विग्नर आणि लेनर्ड आयझेनबड यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अवकाशाचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग कल्पून त्यांच्या सीमेवर तरंग जुळवतात. प्रायोगिक आकड्यांतून ऊर्जा आणि रुंदी काढण्यासाठी ही पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते.

संमिश्र ऊर्जा. क्षय पावणाऱ्या अवस्थेची ऊर्जा संमिश्र संख्येने दर्शवता येते. तिचा वास्तव भाग स्थान सांगतो, तर काल्पनिक भाग रुंदीच्या निम्मा असतो. अशा अवस्थेचे तरंग फलन दूरवर जाताना लहान होण्याऐवजी वाढत जाते आणि नेहमीचे गणित तेथे मोडते. १९७०च्या दशकापासून वापरात आलेल्या संमिश्र प्रमाणन पद्धतीत निर्देशांक संमिश्र प्रतलात वळवून हे तरंग फलन आटोक्यात आणले जाते, आणि मग अनुस्पंदनाची गणना जणू बद्ध अवस्थेसारखी करता येते.

मूलारंभी गणना. येथे गुच्छ आहेत असे आधी गृहीत धरत नाहीत. सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन आणि त्यांच्यातील बले एवढ्यापासून आरंभ करून संपूर्ण अणुकेंद्र उभे करतात. गुच्छ खरे असतील तर ते गणनेतून आपोआप प्रकट व्हावेत, अशी अपेक्षा असते.

विजय पंढरीपांडे आणि अर्बाना-आर्गोन गणना

विजय रघुनाथ पंढरीपांडे यांचा जन्म १९४० मध्ये नागपूर येथे झाला. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधनाला आरंभ केला आणि १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९७२ पासून ते अमेरिकेतील अर्बाना-शँपेन येथील इलिनॉय विद्यापीठात होते. न्यूट्रॉन ताऱ्यांमधील घनद्रव्य आणि हलकी अणुकेंद्रे या दोन टोकांच्या विषयांना त्यांनी एकाच सूत्रात बांधले : न्यूक्लिऑनांमधील बल नीट माहीत असेल, तर दोन्हींचे गुणधर्म त्याच बलावरून काढता आले पाहिजेत. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा टॉम बॉनर पुरस्कार त्यांना १९९९ मध्ये मिळाला. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन-दोन न्यूक्लिऑनांमधील बल प्रकीर्णनाच्या प्रयोगांवरून अचूक ठरवता येते. परंतु केवळ त्या बलावर आधारलेल्या गणनेत हलकी अणुकेंद्रे प्रत्यक्षापेक्षा सैल बांधलेली निघतात. तीन न्यूक्लिऑन जवळ आले की त्यांच्यात आणखी एक बल कार्य करते, जे दोन-दोनच्या बेरजेत मिळत नाही. या त्रि-न्यूक्लिऑन बलाची 'अर्बाना' आणि पुढे 'इलिनॉय' या नावांनी ओळखली जाणारी प्रतिमाने पंढरीपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केली.

बल ठरले तरी आठ कणांचे समीकरण सोडवणे हे स्वतंत्र आव्हान आहे. आठ न्यूक्लिऑनांची परिवलने २५६ प्रकारे मांडता येतात, आणि त्यांतले चार प्रोटॉन कोणते हे ७० प्रकारे निवडता येते. म्हणजे अवकाशातील प्रत्येक मांडणीसाठी १७,९२० शक्यतांचा हिशेब ठेवावा लागतो. यासाठी ग्रीन फलन माँटे कार्लो नावाची पद्धत वापरतात. आरंभी एक अंदाजी तरंग फलन घेऊन ते 'काल्पनिक काळात' पुढे नेले जाते. सुपात धान्य पाखडताना हलके फोल उडून जावे आणि दाणे मागे राहावेत, तसे या प्रक्रियेत उच्च ऊर्जेचे भाग झडत जातात आणि सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था उरते.

रॉबर्ट विरिंगा, स्टीव्हन पायपर, जोसेफ कार्लसन आणि पंढरीपांडे यांनी २००० मध्ये आठ न्यूक्लिऑनांच्या अणुकेंद्रांची अशी गणना प्रसिद्ध केली. गणनेत गुच्छांविषयी सक्ती नसतानाही बेरिलियम-८ ची घनता दोन वेगळ्या गोळ्यांत विभागलेली दिसली. आल्फा कणांचे डंबेल हे केवळ सोयीचे चित्र नसून मूलभूत बलांचा परिणाम आहे, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

मुंबईतील मोजमाप

आकाराचा स्वतंत्र पुरावा गॅमा किरणांतून मिळू शकतो. लांबट विद्युत्‌भारित वस्तू एका परिभ्रमण अवस्थेतून खालच्या अवस्थेत येताना गॅमा किरण उत्सर्जित करते आणि ती जितकी लांबट, तितकी या उत्सर्जनाची शक्यता मोठी. बेरिलियम-८ बाबत अडचण अशी की चार कोनीय संवेगाची अवस्था जवळजवळ नेहमी दोन आल्फा कणांत फुटते. आधीच्या सैद्धांतिक गणितानुसार गॅमा किरण बाहेर पडण्याची शक्यता एक कोटीत सुमारे एक एवढीच होती.

ही दुर्मिळ घटना पकडण्याचा प्रयोग मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉन वेगवर्धकावर झाला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा हा संयुक्त वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्याच्या उंच टाकीतील मध्यवर्ती टोकावर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत धन विद्युत्‌दाब निर्माण करता येतो. ऋण आयन त्या टोकाकडे ओढले जातात, तेथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, आणि धन बनलेले आयन त्याच दाबाने दूर ढकलले जातात. एकच दाब अशा रीतीने दोनदा उपयोगी पडतो.

हेलियम वायूच्या लक्ष्यावर हेलियमचाच झोत सोडला, तर टकरीत बेरिलियम-८ तयार होते. झोत आणि लक्ष्य यांचे वस्तुमान समान असल्यामुळे झोताची निम्मीच ऊर्जा संयुक्त अणुकेंद्राच्या कामी येते. ११.३५ एमईव्हीची अवस्था गाठण्यासाठी म्हणून सुमारे २३ एमईव्हीचा झोत लागतो. तेथून दोन कोनीय संवेगाच्या अवस्थेत उतरताना सुमारे ८ एमईव्हीचा गॅमा किरण निघतो, आणि ती अवस्थाही लगेच दोन आल्फा कणांत फुटते. गॅमा किरण आणि दोन आल्फा कण हे तिन्ही एकाच वेळी नोंदले गेले तरच घटना ग्राह्य धरायची, अशी प्रयोगाची रचना होती. कोट्यवधी साध्या टकरींतून हवी ती घटना वेगळी काढण्याचा तोच मार्ग होता.

विवेक दातार, सुरेश कुमार, डी. आर. चक्रवर्ती, वंदना नानल आणि सहकारी यांनी या उत्सर्जनाचा पहिला प्रायोगिक पुरावा २००५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अनुस्पंदनाच्या ऊर्जेला विक्रियेचा काटछेद १६५ नॅनोबार्न आढळला. अनुस्पंदनापासून दूरच्या ऊर्जेला तो ३९ नॅनोबार्न होता. गुच्छ प्रतिमानाधारित पूर्वीच्या गणिताने अनुस्पंदनापाशी १३४ नॅनोबार्नचे भाकीत केले होते. प्रायोगिक अनिश्चिततेच्या मर्यादेत दोन्ही जुळत होते. पण ती अनिश्चितता मोठी असल्यामुळे कोणते प्रतिमान अधिक बरोबर, याचा निवाडा होत नव्हता.

सिद्धांत आणि प्रयोग यांचा मेळ

याच गटाने परदेशी सहकाऱ्यांसह मुंबईतच अधिक काटेकोर मोजमाप करून २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. अचूकता आधीच्या सुमारे तिप्पट झाली होती. सिद्धांतकार साओरी पास्तोरे यांच्यासह विरिंगा यांनी केलेली मूलारंभी गणनाही त्याच शोधनिबंधात समाविष्ट होती. तिच्यात पंढरीपांडे यांच्या गटात सुरू झालेल्या इलिनॉय मालिकेतील त्रि-न्यूक्लिऑन बलाची सुधारित आवृत्ती वापरली होती.

उत्सर्जनाच्या तीव्रतेचे प्रायोगिक मूल्य, रूढ एककात, सुमारे २१ आले आणि त्यातील अनिश्चितता सुमारे २ होती. एकट्या प्रोटॉनच्या हालचालीमुळे असे उत्सर्जन होत असते तर हे मूल्य एकच्या आसपास राहिले असते. वीसपटीने मोठ्या या आकड्याचा अर्थ असा की संपूर्ण विद्युत्‌भार दोन टोकांना विभागून सामूहिक रीतीने वागत आहे. पाव फेऱ्यातच मोडणाऱ्या अवस्थेतही डंबेलची रचना टिकून असते, याचा हा विद्युत्‌चुंबकीय पुरावा होय.

मूलारंभी गणनेचे मूल्य मोजमापाहून काहीसे अधिक आले. यामागील एक अडचण पद्धतीतच आहे. काल्पनिक काळात पुढे नेण्याची प्रक्रिया सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधते. अनुस्पंदनाच्या बाबतीत सर्वांत कमी ऊर्जेची रचना म्हणजे एकमेकांपासून दूर गेलेले दोन सुटे आल्फा कण. त्यामुळे गणना लांबवत नेली की ऊर्जा उतरत जाते, अणुकेंद्र पसरत जाते आणि उत्सर्जनाची तीव्रता वाढत राहते. गणना कोठे थांबवायची हे ठरवण्यासाठी रुंद अवस्थांना विशेष वागणूक द्यावी लागते. अरुंद अवस्थेत हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही. मोजलेल्या आकड्याचे महत्त्व म्हणूनच दुहेरी आहे : तो अणुकेंद्राची परीक्षा घेतो, तशीच गणनपद्धतीचीही.

क्षयाचा नियम आणि दीर्घ काळ

किरणोत्सर्गी पदार्थ घातांकी नियमाने क्षय पावतो, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. पुंजयामिकीनुसार मात्र हा नियम अतिशय दीर्घ काळानंतर मोडला पाहिजे, कारण क्षय पावणाऱ्या अवस्थेच्या ऊर्जेला खालून एक मर्यादा असते. नेहमीच्या किरणोत्सर्गी पदार्थांत तोपर्यंत मोजण्यासारखे काही उरतच नाही. कोलंबियातील बोगोटा येथील लॉस आंदेस विद्यापीठाशी संबंधित नीलिमा केळकर यांनी मारेक नोवाकोव्स्की आणि कांचन खेमचंदानी यांच्यासह २००४ मध्ये यावर वेगळा मार्ग सुचवला. काळ मोजण्याऐवजी आल्फा-आल्फा प्रकीर्णनातील कलाबदलांच्या उपलब्ध आकड्यांवरून त्यांनी बेरिलियम-८ ची ऊर्जा-वाटणी काढली आणि तीवरून दीर्घ काळानंतरचे वर्तन अनुमानले. ते घातांकी नसल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

ताऱ्यांमधील कार्बन

बेरिलियम-८ ची तळावस्था आणि कार्बन-१२ मधील एक अनुस्पंदन यांच्यावर विश्वातील कार्बनची निर्मिती अवलंबून आहे. ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपून हेलियम उरते, तेव्हा दोन आल्फा कण जोडून बेरिलियम-८ बनते आणि फुटते. मात्र त्याची ऊर्जा सुट्या कणांपेक्षा केवळ ०.०९२ एमईव्हीने अधिक असल्यामुळे, सुमारे दहा कोटी अंश तापमानाला त्याचा अत्यल्प साठा सतत टिकून राहतो. एडविन सॉल्पीटर यांनी १९५२ मध्ये दाखवल्याप्रमाणे, या साठ्यातील एखाद्या अणुकेंद्राला फुटण्यापूर्वी तिसरा आल्फा कण मिळाला की कार्बन बनू शकते.

विश्वात आढळणाऱ्या कार्बनच्या मानाने ही क्रिया फारच संथ ठरत होती. केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये तर्क केला की कार्बन-१२ मध्ये योग्य ऊर्जेपाशी एक अनुस्पंदन असलेच पाहिजे. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि अपेक्षित ठिकाणी अवस्था सापडली. तिची ऊर्जा ७.६५ एमईव्ही, म्हणजे तीन सुट्या आल्फा कणांच्या वर सुमारे ०.३८ एमईव्ही आहे. तिला हॉइल अवस्था म्हणतात. हीदेखील बहुतेक वेळा पुन्हा आल्फा कणांत फुटते. सुमारे अडीच हजारांत एकदाच ती स्थिर कार्बनमध्ये उतरते. सजीवांच्या शरीरातील कार्बन या क्वचित घडणाऱ्या उतरणीतून आलेला आहे.

कोल्हापूर येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी आणि पुढे दीर्घकाळ सहकारी होते. हॉइल अवस्थेची मूलारंभी गणना २०११ मध्ये एव्हगेनी एपेलबाउम, हेरमान क्रेब्स, डीन ली आणि उल्फ माइसनर यांनी अवकाश व काळ यांची जाळी कल्पून केली.

इतर उदाहरणे

• हेलियम-५ : आल्फा कण आणि एक न्यूट्रॉन. बद्ध अवस्था नाही. न्यूट्रॉनला विद्युत्‌भार नसल्याने येथे अडवतो तो केवळ अपकेंद्री अडसर.
• हेलियम-६ : आल्फा कण आणि दोन न्यूट्रॉन. तळावस्थेचा अर्धायुकाल सुमारे ०.८ सेकंद. यातील कोणतेही दोन घटक एकमेकांना बांधून ठेवू शकत नाहीत, पण तिघे मिळून बांधले जातात. पहिली उत्तेजित अवस्था सुमारे १.८ एमईव्हीला असून ती अनुस्पंदन आहे.
• लिथियम-११ : अर्धायुकाल सुमारे ९ मिलिसेकंद. शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूरवर खळ्यासारखे पसरलेले असतात. इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याच्या असाधारण मोठ्या आकाराचा शोध प्रसिद्ध केला.

या उदाहरणांत बद्ध अवस्था आणि सुटे कण यांच्यातील सीमारेषा पुसट आहे. अशा अणुकेंद्रांच्या प्रतिमानात आतील रचना आणि बाहेर निसटण्याची वाट या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो; एक बाजू सोडून दुसरीची गणना केल्यास ऊर्जा जुळली तरी रुंदी जुळत नाही.